वरच्या तळ्याची काठी

मी काठी बोलतेय. मेपलच्या लाकडाची. वरच्या टोकाला मूठभर गाठ, खाली लोखंडी टोपण. मला डोळे-कान आहेत, स्पर्श कळतो, पण जीभ नाही. माझ्या आयुष्यात जे काही वाईट झालं ते या एका उणिवेपायी झालं. आज कशी बोलतेय ते विचारू नका. ऐकून घ्या.

उत्तर जपानात, आकिताच्या डोंगरात बर्फ पडतो तो ओला आणि जड. एका हिवाळ्यात त्या ओझ्याने माझी फांदी मोडली. झाड जुनं होतं, एका लहानशा तळ्याच्या काठावर वाकून उभं होतं. वसंतात रानभाजी खुडायला आलेल्या गेन्झोला मी वितळत्या बर्फात पडलेली सापडले. त्याने मला उचललं, हातात तोलून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हिला सरपणात घालणं पाप आहे."

गेन्झोची खाली तोचिनोसावा गावात सहा खोल्यांची धर्मशाळेवजा खानावळ होती. मागे गरम पाण्याचा झरा, पुढे मुळ्याचं शेत. त्याने मला चुलीवरच्या माळ्यात धुराला टांगलं. तिथेच मुळेही धुरावत टांगलेले असायचे, त्यामुळे माझ्या अंगाला अजून तो वास आहे. मी पुरती वाळल्यावर त्याने मला तासलं, तेल चोळलं, आणि अस्वलांनी लांब राहावं म्हणून गळ्यात पितळी घुंगरू बांधलं. मग बायकोच्या हाती देऊन म्हणाला, "घे. आता वर यायला पाय दुखतात म्हणून सांगू नकोस."

बायकोचं नाव इत्सुको. तिचा तळवा मला पहिल्या दिवसापासून आवडला. कामाने घट्टे पडलेला, पण पकड हलकी. काही माणसं काठी अशी आवळतात, जणू ती पळून जाणार आहे. इत्सुको नुसता हात ठेवायची.

"वर" म्हणजे ते तळं. त्याला नाव नव्हतं. गेन्झोला ते तरुणपणी अळंबी शोधताना सापडलं होतं. एका बाजूने मेपल, दुसऱ्या बाजूने बीच जातीची झाडं, आणि मधलं पाणी इतकं निवांत की पानं वर कुठली आणि खाली कुठली ते कळू नये. गावातून वाट नव्हती. ओढ्याच्या कडेने, मग वेळूच्या झुडपांतून वाकून जावं लागे. गेन्झोने ते फक्त बायकोला दाखवलं.

दरवर्षी पानं पुरती लाल झाली, सगळ्या डोंगरांत माणसांची झुंबड उडाली, की ऐन हंगामात ही दोघं एक दिवस दाराला कुलूप लावत. गाव हसायचं. दारूच्या दुकानाचा मालक गेन्झोला चिडवायचा, "काय रे, गिऱ्हाईक परत पाठवून बायकोला फिरवतोस होय?"

"वर्षभर ती मला फिरवते," गेन्झो म्हणायचा. "एक दिवस माझा."

वर पोचलं की दोघं माझ्या आईच्या, म्हणजे त्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी बसत. भाताचे गोळे, धुरावलेला मुळा, थर्मासमधला चहा. बोलणं थोडंच. एकदा इत्सुको म्हणाली, "अहो, खानावळीतल्या पाहुण्यांना दाखवलं तर खूश होतील."

"होतील की. मग ते इतरांना सांगतील. मग कुणीतरी याचं नाव ठेवेल. आणि एकदा नाव पडलं ना, की जागा आपली राहत नाही."

पुढे एका हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना गेन्झो घसरून पडला. दोन दिवस इस्पितळात होता. परत आला तो राख होऊन, पांढऱ्या कापडात बांधलेल्या डब्यातून.

बर्फ वितळायला लागला तेव्हा चिझुरु आली. समुद्राकडच्या गावाहून आली होती. हातात एक पिशवी, गळ्याभोवती मफलर. एका रात्रीसाठी खोली मागितली. जेवताना मफलर सरकला आणि गळ्यावरचे बोटांचे वळ दिसले. इत्सुकोने काही विचारलं नाही. तिच्या वाडग्यात आणखी रस्सा वाढला आणि म्हणाली, "उद्या चादरी धुवायच्या आहेत. एकटीला उरकणार नाही मला."

चिझुरु राहिली. चादरी धुतल्या, पाहुण्यांना वाढलं, मुळे टांगायला शिकली. इत्सुकोला आधी मालकीणबाई म्हणायची, मग आक्का म्हणायला लागली. हसायची मोठ्याने. पाहुण्यांना आपल्या गावच्या मासळीबाजारातल्या भांडणांच्या गोष्टी अशा रंगवून सांगायची की लोक जेवण विसरायचे. इत्सुको कौतुकाने म्हणायची, "हिच्या तोंडात तेल घालावं लागत नाही."

एका वर्षी दाराला कुलूप लावताना इत्सुकोने तिला हाक मारली. "चल. तुला एक दाखवायचंय."

तळं पाहून चिझुरु बराच वेळ गप्प उभी राहिली. तिला गप्प मी त्या एकाच दिवशी पाहिलं. मग तिने तोंड ओंजळीत झाकलं आणि रडली. इत्सुकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. गेन्झोबद्दल सगळं सांगितलं, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षीच्या भांडणापासून. मी दोघींच्या मधे गवतात पडले होते. मला वाटलं, घर पुन्हा भरलं.

मग इत्सुकोचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चढ बंद. त्या वर्षी तिने मला चिझुरुच्या हाती दिलं. "माझे पाय तू हो गं. वर जाऊन ये, एक डहाळी आण, आणि कसं आहे ते नीट सांग. काही गाळू नकोस."

चिझुरु गेली, आली आणि इतकं छान सांगितलं की इत्सुको डोळे मिटून ऐकत राहिली. कुठे बदकांची जोडी होती, कुठे मुंग्या होत्या, झाडाखाली केवढा सडा होता. सगळं खरं होतं. मी साक्षीला होते.

पुढे चिझुरुला खालच्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात काम मिळालं. इत्सुकोनेच जा म्हणून सांगितलं. "इथे म्हातारीबरोबर किती दिवस काढशील? पगार आहे, विमा आहे, जा." निघताना चिझुरु म्हणाली, "पानांच्या दिवसांत मी येईनच आक्का. वर जायचं काम माझंच."

आली खरी. पण त्या वर्षी ओढ्याच्या वळणावर एक माणूस तिची वाट बघत उभा होता. नवे बूट, गळ्यात मोजायची फीत. त्याचं नाव अकुत्सु, हॉटेलातला सहलींचा साहेब. चिझुरु त्याला घेऊन वेळूतून वर गेली.

"बघा साहेब. म्हटलं होतं ना?"

अकुत्सुने शीळ घातली. फोटो काढले. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"एका म्हातारीला. ती आता चढत नाही."

तिने मला उचललं आणि माझ्या टोकाने दाखवायला लागली. इथून दृश्य चांगलं दिसतं, तिकडे जमीन पक्की आहे, मागच्या बाजूने शहराकडून रस्ता काढता येईल. ज्या हातात इत्सुकोने मला विश्वासाने दिलं, तो हात माझंच बोट करून माझ्या आईचं घर दाखवत होता. मी अंग टाकून दिलं. घुंगरू वाजलं, बस. अकुत्सु म्हणाला, "छान आवाज आहे."

परत आल्यावर इत्सुकोने तिला गरम पाण्यात पाय सोडायला लावले. समोर बसून विचारलं, "सांग. कुणी दिसलं का वर?"

"कोण दिसणार आक्का? मी आणि ही काठी."

दाराजवळच्या कोपऱ्यात मी उभी होते. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. काठीला तेही जमत नाही.

पुढच्या वर्षी चिझुरु मला घेऊन निघाली ती वेळूच्या वाटेने गेलीच नाही. खाली बसथांब्यावर हॉटेलची गाडी उभी होती. तिच्यात बसून आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाने गेलो. डांबरी रस्ता, गाड्या उभ्या करायला जागा, आणि तळ्यावर लाकडी सज्जा. त्यावर माणसंच माणसं. तळ्याला नाव दिलं होतं, "जोडप्याचा आरसा".

मी माझ्या झाडाकडे पाहायला वळले. झाड नव्हतं. गुडघाभर उंचीचा बुंधा राहिला होता. त्याला वरून झिलई केली होती, आणि कॉफीचे कागदी पेले ठेवले होते त्यावर.

चिझुरुने दुसऱ्याच एका मेपलची डहाळी तोडली आणि पिशवीत ठेवली.

संध्याकाळी इत्सुकोने ती डहाळी फुलदाणीत लावली आणि पानं बोटांनी सारखी केली. "आपलं म्हातारं झाड कसं आहे गं?"

"यंदा सगळ्यात लाल तेच आहे आक्का. डोळा ठरत नाही."

"तरी मला वाटलंच. यंदा थंडी लवकर पडली ना."

माणसं खोटं बोलतात हे मला नवं नव्हतं. खानावळीत नवरे बायकांशी फोनवर बोलताना मी पुष्कळ ऐकलंय. पण मेलेल्याची खुशाली इतक्या मायेने कुणी सांगताना मी प्रथमच ऐकलं. इत्सुको त्या रात्री गुणगुणत झोपायला गेली.

त्यापुढच्या वर्षी पानांच्या दिवसांत चिझुरुचा फोन आला. कामाची गर्दी आहे, चार दिवस उशीर होईल. त्याच संध्याकाळी सेंदाई शहराहून आलेलं एक वयस्कर जोडपं खानावळीत उतरलं. इत्सुको त्यांना किरितांपोचा, म्हणजे भाजलेल्या भाताच्या कांड्यांचा, रस्सा वाढत होती. बाई बोलक्या होत्या.

"आज कुठे फिरलात?" इत्सुकोने विचारलं.

"अहो, तो जोडप्याचा आरसा! काय जागा आहे! एवढंसं तळं, पण काय पानं! तिथे एका जुन्या मेपलच्या बुंध्याचं टेबल केलंय, त्यावर कॉफी प्यालो."

"जाहिरात पाहिली होती मी," इत्सुको म्हणाली. "कुठेतरी लांब असेल असं वाटलं."

"लांब कुठे! हा तुमचाच डोंगर, फक्त मागच्या बाजूने. थांबा, फोटो दाखवते."

नवऱ्याने फोन पुढे केला. इत्सुकोने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढून बाहीने पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "रस्सा गार होतोय. घ्या ना." उरलेलं जेवण तिने नेहमीसारखं वाढलं. ताटवाटी कुठे वाजलीसुद्धा नाही.

सकाळी पाहुणे गेल्यावर तिने चांगला गडद कोट घातला, मला घेतलं आणि शहराच्या बसमध्ये बसली. तिची पकड घट्ट होती. हॉटेलच्या दारातून तळ्याकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या सुटत होत्या. तिने तिकीट काढलं आणि इतर लोकांमागून चढून शेवटच्या बाकावर खिडकीशी बसली.

गाडी सुटली आणि पुढे माइक घेऊन जी उभी राहिली ती चिझुरु. लाल पानांचा गणवेश, केस वर बांधलेले. इत्सुकोला ती कपडे धुवायच्या विभागात आहे असं सांगत आली होती.

"मंडळी, आपण जिथे चाललोय तिथली गोष्ट ऐका," चिझुरु म्हणाली. आवाज तोच, जेवणं विसरायला लावणारा. "या डोंगरात एक नवरा-बायको राहायचे. नवऱ्याला हे तळं सापडलं, पण त्याने जगात कुणाला सांगितलं नाही. फक्त बायकोला. वर्षातून एक दिवस दाराला कुलूप लावून तो तिला इथे आणायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, वर्षभर ती मला फिरवते, एक दिवस माझा."

गाडीत लोक हसले. इत्सुकोने दुसरा हातही माझ्यावर ठेवला.

"पुढे बायको आजारी पडली. तर त्याने तिला पाठीवर घेऊन वर आणलं. तिने झाडाखालीच डोळे मिटले. तोही फार जगला नाही. आता दोघंही नाहीत. पण पाण्यावर दोन पानं जोडीने तरंगताना दिसली, की आम्ही इथले लोक हात जोडतो."

शेजारच्या बाईंनी डोळे टिपले आणि इत्सुकोपुढे लिमलेटची गोळी धरली. "किती गोड ना हो?"

"हो," इत्सुको गोळी घेत म्हणाली. "छान सांगते पोरगी."

गाडी थांबली. चिझुरु दाराशी उभी राहून एकेकाला हात देऊन उतरवत होती. "सांभाळून. पायरी उंच आहे. सांभाळून हं आजी..." हातात हात आला आणि तिने वर पाहिलं.

"आक्का."

"मी मेले कधी गं?" इत्सुकोने विचारलं.

लोक सज्ज्याकडे निघून गेले होते. दोघी गाडीशेजारी उभ्या राहिल्या. चिझुरु हळू आवाजात म्हणाली, "ती नुसती गोष्ट आहे, आक्का. लोकांना शेवट लागतो. साहेबांनी तसा बसवून दिलाय."

"झाड कुठे आहे?"

चिझुरुने पेले ठेवलेल्या बुंध्याकडे पाहिलं.

"मागच्या वर्षी तू म्हणालीस, सगळ्यात लाल तेच आहे. मी फुलदाणी उशाशी घेऊन झोपले होते."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं. सज्ज्यावरून दृश्य अडत होतं, म्हणून तोडलं त्यांनी. मी नको म्हटलं होतं."

"आणि तळं? तेही मला वाईट वाटू नये म्हणून विकलंस?"

तेव्हा मात्र चिझुरुचा चेहरा बदलला. "काय करायला हवं होतं मी? तुमच्या घरी राहिले, उपकार विसरलेले नाही. पण खोली तुमची, ताट तुमचं, दुःखसुद्धा तुमचंच मोठं. हॉटेलात गेले तर संडास धुवायला लावले. माझ्याकडे दुसरं काय होतं सांगा, की कुणी माझ्याकडे मान वर करून बघावं? तळं तुम्हीच मला दिलं होतं."

"बघायला दिलं होतं गं."

"पण आता रस्ता झालाय! तुमचा गुडघा असा. आता तुम्हाला दरवर्षी बसून येता येईल."

"मग आणलं का नाहीस?"

खरं म्हणजे या एका प्रश्नाशीच भांडण संपलं होतं. सज्ज्यावरून कुणीतरी हाक मारली, "ताई, फोटो काढता का आमचा?" चिझुरुने मान वळवली, पुन्हा इकडे पाहिलं, पण पाय हलला नाही.

आता माझं ऐका.

इत्सुको लंगडत बुंध्यापाशी गेली. त्यावरचे पेले तिने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि तळव्याने लाकूड पुसलं. मला वाटलं, आता ती मलाही त्या लाकडाला टेकवेल, दोन अश्रू गाळेल आणि आम्ही घरी जाऊ. एवढ्या माणसांत तिचं असं कोण उरलं होतं? मीच की.

तिने मला समोर धरलं. "आणि तू?" ती म्हणाली. "तू तर प्रत्येक वेळी होतीस इथे. तिच्या हातात हात घालून आलीस आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहिलीस."

ती वेडी नव्हती. काठी बोलत नाही हे तिलाही माहीत होतं. पण माणसाला राग ठेवायला जागा लागते, आणि चिझुरुवर तो ठेवणं तिला जमेना. तिने मला सज्ज्याच्या कठड्याला टेकवलं, जसं बसमध्ये कुणाची छत्री राहते आणि आपण ती बाजूला ठेवतो. मग जुन्या वाटेने, वेळूत वाकून, एकेका झाडाला धरत ती खाली निघाली. त्या गुडघ्यानिशी आणि काठीवाचून.

"आक्का, गाडीने सोडते!" चिझुरु ओरडली. "अहो आक्का!"

वेळू हलत होते तोवर मी बघत होते. इत्सुकोने वळून पाहिलं नाही. चिझुरुकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

चिझुरुने मला फसवलं ते मी एक वेळ समजू शकते. तिचा-माझा संबंध तेवढाच. पण जिचा घाम माझ्या गाठीत मुरलाय, तिने माझं मुकेपण कबुलीसारखं मोजावं, हे मला आजही सोसत नाही.

मला चिझुरु घरी नेईल असं वाटलं होतं. तिने मला कठड्यापासून उचलून फुलझाडांच्या कुंडीत खोचलं आणि माइक घेतला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझं घुंगरू काढून नेलं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला पाटी बांधली. "फोटो इथून घ्यावा." बाण आहे पाटीवर.

हंगाम संपत आला तेव्हा एका संध्याकाळी गाडी रिकामी करून चिझुरु माझ्याजवळ येऊन उभी राहिली. होसाका नावाचा ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. त्याने विचारलं, "गेली होतीस का तुझ्या म्हातारीकडे?"

"गेले होते. मिठाईचा डबा घेऊन."

"दार उघडलं?"

"उघडलं. आत बसवलं. चहा दिला, मुळ्याच्या फोडी दिल्या. गुडघा सुजलाय, भिंत धरून चालते."

"मग झालं की! शिव्या दिल्या असतील थोड्या."

"शिव्या दिल्या असत्या तर पाय धरले असते रे." चिझुरुने कठड्यावर बोट फिरवलं. "गुडघे टेकून वाकली माझ्यापुढे. म्हणाली, आपण एवढ्या लांबून आलात, थंडी फार वाजली असेल ना आपल्याला?"

होसाकाला कळलं नाही. "चांगलंच बोलली की मग."

"आजवर मला अगं म्हणत होती," चिझुरु म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

आता पानं झडली आहेत. सज्ज्याला साखळी लागली. गाड्या वसंतापर्यंत येणार नाहीत. मला आत न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे हा हिवाळा मी बर्फाखाली काढणार. काढीन. लाकडाला बर्फ नवा नाही.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर माझ्यासाठी काही करू नका. पाटी सोडवू नका, मला उपटून खाली नेऊ नका. नेलंत तर ती मला दारात उभी करील, आणि आपण कोण म्हणून विचारील. ते मला ऐकायचं नाही. पण तोचिनोसावाला उतरलात, सहा खोल्यांची खानावळ दिसली, आणि भिंत धरून चालणारी एक बाई तुम्हाला वाढायला आली, तर तिला एक काठी द्या. दुकानातून विकत घेतलीत तरी चालेल. कुठल्याही लाकडाची चालेल.